सप्टेंबर कुठून आला?

चौकटसाहेबांना कुठल्याही गोष्टीचं माप विचारलं की ते आधी उलट विचारायचे, "कुठे?" कँटीनच्या मावशींनी "साहेब, पोळ्या किती वाढू?" म्हटलं तर, "कुठे? इथे दोन, घरी तीन." कुणी हडपसर किती लांब आहे असं विचारलं तर, "कुठून, आणि किती वाजता?" बरं, हे विनोदानं नाही हं. चेहरा सरळ, भुवया वर, आणि उत्तर मिळेपर्यंत उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा. समोरच्यालाच वाटायला लागायचं की आपण काहीतरी अर्धवट बोललो. मला तर पहिल्या भेटीतच वाटलं.

ती भेट म्हणजे माझी मुलाखत. पुण्याबाहेर मांजरीला उसाच्या शेतांना लागून एक मोठी पत्र्याची शेड होती आणि तिच्या माडीवर आमची छोटी कंपनी. वजनानं कमी भरलेल्या नवजात बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या तिथे बनायच्या. मी अकोल्याहून आलेली, अंगात फुकटचा ताठा. साहेबांनी माझा बायोडेटा न वाचताच बाजूला सरकवला.

"सी येतं?"

"हो सर."

"सीमधला लॉन्ग केवढा असतो?"

"चार बाइट." हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे."

"अकोल्यात सगळीकडे असेल," ते म्हणाले, "पुण्यात आधी मशीनला विचारायची पद्धत आहे."

असा संताप आला म्हणता! बाहेर येऊन आईला फोन लावला आणि सांगितलं, नोकरीचं काही होत नाही, इथला एक म्हातारा फुकटात अपमान करतो. संध्याकाळी नेमणुकीचा मेल आला. आईनं विचारलं, तो म्हातारा तिथेच असणार का? मी म्हटलं, दुर्दैवानं, हो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सी ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा. काही आकड्यांना केवढी जागा द्यायची, हे ती स्वतः पक्कं ठरवत नाही, यंत्रावर सोडते. लॉन्ग हा त्यातलाच एक, तो लहान चिपवर चार बाइटांत, म्हणजे चार घरांत, मावतो आणि एखाद्या मोठ्या बोर्डावर आठ बाइट अडवून बसतो. त्यात असे पाचसहा आकडे एका ओळीत बांधले की त्याला स्ट्रक्चर म्हणायचं, आणि त्या ओळीत मध्येमध्ये रिकामी जागा सुटते, तीही प्रत्येक यंत्रावर वेगळी. रिकामी जागा कशाला, असं मी साहेबांना विचारलं होतं. "लग्नाच्या पंगतीत मोठी माणसं कुठेही बसतात का? त्यांना ओळीच्या सुरुवातीची खुर्ची लागते. मधल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतात." एवढंच समजावून ते उठून गेले.

चौकटसाहेब हे नाव त्यांना वहीमुळे पडलं. शाळेत गणिताला असते तशी चौकटीची वही त्यांच्याजवळ कायम असायची. कुठलंही स्ट्रक्चर कोडमध्ये लिहायच्या आधी त्या वहीत पेन्सिलीनं काढायचं, असा त्यांचा दंडक. एक चौकट म्हणजे एक बाइट. रिकाम्या चौकटीत तिरप्या रेघा. जितके बोर्ड तितक्या ओळी, एकाखाली एक. आम्ही हसायचो. "साहेब, हे सगळं मशीन एका ओळीत सांगतं हो." "सांगतं ना? मग विचारलंस का?" तर विचारलेलं नसायचं. मग ते ठरलेलं वाक्य यायचं, "म्हणजे मोजलेलं नाही, मानलेलं आहे." हे वाक्य दिवसातून दहादा ऐकून आमचे कान किटले होते.

खरं आडनाव बागवान. दोघे मोठे भाऊ मार्केट यार्डात फळांचे व्यापारी, चार पिढ्या पुण्यातच गेलेल्या. मराठी असं की कोथरूडच्या माणसानं मान खाली घालावी. आमच्यातले अर्धे नागपूर, अमरावती, अकोल्याकडचे. आम्ही "काहून?" म्हटलं की साहेब म्हणायचे, "का, कशासाठी, कशाबद्दल, एवढे पर्याय उपलब्ध आहेत." पण मला ताप आला होता तेव्हा तीन दिवस डब्यातून सोललेली मोसंबी आणून माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि "भावाकडे उरली होती" असं सांगायचे. मोसंबी सोलून उरते का कुठे?

त्यांना स्वस्थ बसता यायचं नाही. कोड पहिल्याच फटक्यात चाललं की आम्ही टाळ्या पिटायचो आणि हा माणूस उठून खिडकीपाशी येरझाऱ्या घालायला लागायचा. "एवढं सरळ कसं चाललं?" मालक कावायचे. "बागवान, अहो चाललंय तर चालू द्या की!" "चालतंय ते दिसतंय. का चालतंय ते दिसत नाही." मालक डोक्याला हात लावून खाली शेडमध्ये जायचे. आणि गंमत अशी की साहेबांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या की आम्हालाही धड बसवायचं नाही. आम्ही गुपचूप परत तपासायला लागायचो आणि चारात एकदा काहीतरी सापडायचंच.

पेटी बाहेर जायच्या आधी एक तपासणीचा कागद भरायचा असे. प्रत्येक ओळीपुढे तपासणाऱ्याची खूण आणि तळाशी साहेबांची सही. सही करताना ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "स्वतः बघितलंस?" माझ्या पहिल्या कागदाला दोन तास घेतले होते. अक्षरशः रडू कोसळायचं बाकी होतं. मग ते बोट हळूहळू भराभर फिरायला लागलं. "तुम्ही"वरून मी "तू"वर आले. दीडेक वर्षानं एके दिवशी त्यांनी माझा कागद घेतला, न विचारता तळाशी सही केली आणि परत दिला. मी दिवसभर हवेत होते. घरी फोन करून सांगितलं. आईला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं शेजारच्या काकूंनाही सांगितलं.

त्यानंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

मग नवा बोर्ड आला. पेटीत बाळाचं तापमान मोजणारा जुना छोटा बोर्ड होता तो तसाच ठेवायचा आणि पडदा, भोंगा, नोंदी हे सगळं नव्या मोठ्या बोर्डावर न्यायचं, असं ठरलं. दोन्ही बोर्ड एकमेकांशी जे बोलणार ते स्ट्रक्चर माझ्याकडे होतं. त्यात तापमान, मग वेळ, मग अलार्मच्या दोन मर्यादा. वेळेसाठी मी लॉन्ग घातला. जुन्या कोडमध्ये तोच होता. वही काढली नाही. अहो, चार आकडे, त्याला काय वही काढायची!

दोन्ही बाजू मी माझ्या लॅपटॉपवरच चालवून पाहिल्या. तापमान बरोबर, अलार्मही ठणाणा वाजला. आता खरं तर हेच खाली शेडमध्ये पेटीवर करायचं होतं. पेटी तापायला पाऊण तास लागतो, मग बाळाच्या पायाला लावायची ती तापमानाची वायर काढून भोंगा वाजतो का बघायचं. पण त्या दिवशी मालक दर दहा मिनिटांनी वर येत होते, "टेम्पो उभा आहे, टेम्पो उभा आहे." येरवड्याच्या एका छोट्या प्रसूतिगृहात दोन पेट्या वापरून बघायला द्यायच्या होत्या. पडद्यावर तापमान नीट दिसत होतं. मी "अलार्म तपासला" या ओळीपुढे खूण केली. साहेबांनी सही केली. पेट्या गेल्या.

आठ-नऊ दिवसांनी सर्व्हिसचा माणूस त्या पेट्यांतल्या नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन आला. जेवणानंतरची वेळ, सगळे पेंगुळलेले. मी नोंदी उघडल्या तर प्रत्येक ओळीवर एकच तारीख, तेवीस सप्टेंबर १९७०. मी म्हटलं, "सर, घड्याळाचा सेल गेलाय वाटतं दोन्ही पेट्यांचा."

ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "सेल गेला की कुठली तारीख दिसते?"

"१९७०."

"१९७० हे साल झालं. तारीख?"

"एक जानेवारी." संगणक सेकंद मोजायला तिथून सुरुवात करतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

"मग सप्टेंबर कुठून आला?"

मला अजून काही कळलं नव्हतं. साहेबांनी खुर्ची ओढली. ती तारीख उलटी करून तिचे सेकंद काढले, मोठा थोरला आकडा आला, आणि तो आकडा दोन तुकड्यांत फोडला. एक तुकडा निघाला तीनशे ऐंशी. दुसरा तीनशे पन्नास. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

अडतीस अंश आणि पस्तीस अंश. आम्ही ते दहापट करून पाठवायचो. वेळेच्या जागेत माझ्या अलार्मच्या मर्यादा जाऊन बसल्या होत्या. जुन्या बोर्डाचा लॉन्ग चार बाइटांचा, नव्याचा आठ, वर मधली चार रिकामी घरं. माझा लॅपटॉपही नव्या बोर्डासारखाच, म्हणून तिथे दोन्ही टोकं जुळली होती. तापमान ओळीत सुरुवातीलाच, म्हणून ते पडद्यावर शहाण्यासारखं दिसत होतं. त्याच्यापुढचं सगळं सरकलं होतं.

"आणि अलार्मच्या जागेत काय आहे आता?" साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. मला म्हणायला लावत होते.

"शून्य."

तिथपर्यंत काही पोचलंच नव्हतं. आणि आमच्याकडे एक जुनी सोय होती. मर्यादेत शून्य टाकलं की अलार्म बंद. पेटी पुसताना भोंगा नको म्हणून कुणीतरी कधीतरी करून ठेवलेली. म्हणजे नऊ दिवस त्या दोन पेट्या आवाज बंद करून चालू होत्या, आणि आत कुणाचं तरी बाळ होतं.

मी फोन लावायला लागले. प्रसूतिगृहाचा फोन एंगेज. डॉक्टरांचा मोबाइल बंद. साहेब जिन्यावरून ओरडले, "चल!" मालक बाहेर गेले होते. कंपनीची गाडी त्यांच्याबरोबर. आम्ही साहेबांच्या स्कूटरवर निघालो, मी मागे बसून एका हातानं सारखा नंबर दाबत. एंगेज. एंगेज. मुंढव्याच्या चौकात तीन सिग्नल अडकून पडलो. दुपारी तीनला इतकी माणसं कुठे जातात हो या गावात? एक डंपर आमच्यापुढे आडवा उभा राहिला आणि साहेबांनी, ज्यांच्या तोंडून मी कधी "गाढव" हा शब्द ऐकला नव्हता, त्यांनी त्या ड्रायव्हरला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला उतरून पळत सुटावंसं वाटत होतं.

पुलावर मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "सर, तो अलार्म मी पेटीवर तपासला नव्हता. फक्त लॅपटॉपवर."

वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. मग पुढच्या सिग्नलला थांबल्यावर, मान न वळवता, म्हणाले, "मी विचारलंही नव्हतं."

प्रसूतिगृहात पोचलो तर एक पेटी रिकामी. दुसरीत मूठभर मुलगी, डोक्याला गुलाबी टोपडं. तिथल्या सिस्टरबाई पन्नाशीच्या, करड्या शिस्तीच्या. साहेबांनी आधी बाळाला बाजूच्या वॉर्मरवर, ऊब देणाऱ्या दिव्याखाली, घ्यायला लावलं आणि मग सांगितलं की भोंगा वाजत नाहीये.

"ते मला परवाच कळलं," सिस्टर म्हणाल्या. "पायाची वायर निसटली होती. पेटीला वाटलं बाळ गार पडलंय, म्हणून ती आणखी तापवत बसली. पोर लालबुंद झालेली. मी आपली सवयीनं येताजाता हात लावून बघते म्हणून कळलं. दोन दिवस सलाइनवर होती. मला वाटलं तुम्ही आवाज कमी ठेवलाय."

मी वॉर्मरपाशी गेले. बाळ चांगलं होतं, ओठ चोखत होतं, त्या दिवशी सकाळी दूधही प्यायलं होतं. काचेपलीकडे बाकावर तिची आई बसली होती, साडीचा पदर डोक्यावरून घेतलेली, माझ्याच वयाची. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आता बरी हाये बाप्पा. डॉक्टर म्हनते, नाजूक पोरं तापतेतच कधीकधी." माझ्या मावशीच्या तोंडची बोली. मी नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. कुणाची चूक, असं मालकांनी विचारलं. मला वाटलं होतं, साहेब सांभाळून घेतील. मोसंबी आणणारा माणूस! साहेब म्हणाले, "हिनं पेटीवर तपासलं नाही. मी विचारलं नाही. दोघांची." माझं नाव आधी. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पुढे मालक काय बोलले ते मी अर्धवटच ऐकलं. नवं कोड घालायचं, बोभाटा करायचा नाही, बाळ बरं आहे ना, मग झालं.

"आईबापांना सांगायला हवं," साहेब म्हणाले.

"कशाला? त्यांना काय कळणार आहे लॉन्ग नि फिंग?"

"पोर का तापली ते कळेल. त्यांना वाटतंय, त्यांची पोरच नाजूक आहे. जन्मभर तिला तशीच वाढवतील."

मालकांनी साफ नाही म्हटलं. जो जाईल त्यानं परत यायचं नाही, असंही म्हटलं. दुपारी मी खाली स्कूटर लावतात तिथे गेले तर साहेब उभे. त्यांनी जादाचं हेल्मेट माझ्यापुढे धरलं.

"येतेस?"

काय काय आलं मनात. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग अजून दोन वर्षं बाकी. आणि खरं सांगायचं तर भाऊबिऊ नंतर आलं, आधी ती डोक्यावर पदर घेतलेली बाई आली. तिच्यासमोर उभं राहून माझ्या तोंडानं कसं सांगू? मी म्हटलं, "आता सांगून काय होणार सर?"

"काय होणार ते त्यांनी ठरवायचं."

"मला वर काम आहे."

नव्हतं. त्यांनाही माहीत होतं. "बरं," एवढंच म्हणाले, हेल्मेट हुकाला अडकवलं आणि गेले.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांचा फोन मालकांना तासाभरात आला. साहेब दुसऱ्या दिवशी आले ते सामान न्यायलाच. मी त्यांना लांबून पाहिलं आणि कानाला हेडफोन लावून पडद्याकडे बघत बसले, जणू मीटिंग चालू आहे. ते माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. मला त्यांची पँट दिसत होती, बूट दिसत होते. मी वर बघितलं नाही. मला राग होता, लाज होती, आणि रागाच्या आड लाज लपवायची सोय होती. मिनिटभर थांबले असतील. मग बूट गेले.

मला कुणी काढलं नाही. मीच चार महिन्यांनी ती नोकरी सोडून खराडीला लागले. आता माझ्या हाताखाली सहाजण आहेत आणि सगळे माझ्या नावानं बोटं मोडतात. मला स्वस्थ बसता येत नाही. काही सरळ चाललं की मी खुर्चीतून उठते. साहेबांना फोन करायचा म्हणून कितीदा नंबर काढला. काय बोलायचं ते ठरेना. उद्या करू, रविवारी करू, ईदला करू. ईदही गेली. आणि मग एका सकाळी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर ओळ आली, बागवान सर गेले, हार्ट अटॅक. खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्या मालकांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला त्यांचेही हात जोडलेले. मी फोन गादीवर भिरकावला आणि ढसाढसा रडले.

त्यांच्या घरी जायचं तोंड नव्हतं. मी येरवड्याला गेले. सिस्टर तिथेच होत्या. मी कोण ते सांगितलं आणि त्या बाळाच्या आईचा पत्ता मागितला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग म्हणाल्या, "थांबा, आधी तिला फोन करून विचारते." फोनवर काहीतरी बोलल्या, आणि वहीच्या कोपऱ्यावर पत्ता लिहून कोपरा फाडून दिला. लोणी काळभोरची एक चाळ.

रिक्षातून उतरले तेव्हा दुपार होती. दोनदा गल्लीच्या तोंडापासून मागे फिरले. तिसऱ्यांदा गेले तर ती दारातच होती, हातात वाटी, आणि पायाशी दीडेक वर्षाची एक मुलगी, दार पकडून उभी, वरणभातानं माखलेली. तिला बघून मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"मी... त्या पेटीच्या कंपनीत होते," मी म्हटलं. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

ती चिडली नाही. दचकलीही नाही. वाटी खाली ठेवून तिनं पदराला हात पुसले.

"ते चष्मेवाले सर आलते ना बाप्पा, पोर दवाखान्यात होती तवा," ती म्हणाली. "सगळं सांगतलं त्यायनं. माह्या नवऱ्यानं तर कॉलर धरली होती त्यायची, तरी उभेच. जातानी मले म्हनले, अजून एक पोरगी येईन सांगाले. तिले वेळ लागन, पण येईन. आली का तिच्यावर रागावू नोका, आधी पानी द्या."

मी त्यांना नाही म्हटलं होतं, त्याच दुपारी ते हे सांगून गेले होते.

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.